आधी धागा, मग भट्टी

जालना हे सळयांचे गाव. येथील भट्ट्यांत भंगार सुमारे १५०० अंशांना वितळते. पण त्याच्या पुष्कळ आधी, लाल होताच, पोलाद मऊ पडते. विमानाच्या इंजिनातील निकेलच्या मिश्रधातूंनाही सतत थंड हवा द्यावी लागते. सिलिकॉन कार्बाइड याहून अधिक उष्णता सोसते. परंतु ते मडक्यासारखे ठिसूळ, शिवाय वितळवून त्याची तार ओढता येत नाही.

१९७५ च्या सुमारास जपानच्या तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा यांनी युक्ती काढली : आधी धागा काढायचा, मग तो भाजायचा. सिलिकॉन व कार्बन यांची साखळी असलेले पॉलिकार्बोसिलेन वितळवून बारीक छिद्रांतून त्याच्या जणू शेवयाच पाडतात. ओल्या शेवया शिजवल्या तर गोळा होतो. म्हणून हे धागे प्रथम हवेत सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतात. ऑक्सिजनमुळे साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात व धागा पुन्हा वितळत नाही. नंतर तो निष्क्रिय वायूत १२०० अंशांच्या आसपास भाजतात. आतील वायू निघून जातात, धागा आक्रसतो आणि केसाहून बारीक असे सिलिकॉन कार्बाइड उरते.

या धाग्यांचे कापड तशाच द्रवात भिजवून पुनःपुन्हा भाजले की छिद्रे बुजत जातात. धाग्यावरील पातळ लेपामुळे तडा तेथे येऊन वळतो, आरपार जात नाही. २०१६ पासून प्रवासी विमानांच्या लीप इंजिनांत या धाग्यांपासून बनवलेले भाग वापरात आहेत.

विज्ञान आपला विषय नव्हे, असे आम्ही कला शाखेचे विद्यार्थी सहज म्हणतो. पण गिलाव्याच्या मातीत भुसा तुडवणाऱ्या आपल्या अक्षरशून्य आजोबांना तडा कसा अडवावा हे ठाऊक होते.