एक द्रव थांबला तेव्हा

दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना इंग्लंडमधल्या लीड्स शहरात दोन तरुण रसायनशास्त्रज्ञ लोकरीच्या मागे लागले होते. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज. लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत त्यांना शोधायचं होतं, लोकरीतल्या प्रथिनात कोणतं अमिनो आम्ल किती आहे. ही आम्लं एकमेकांसारखी इतकी, की वेगळी काढता काढता नाकी नऊ येत.

सिंजची कल्पना अशी: आम्लांना ॲसिटिल गट जोडायचा आणि ती पाणी व क्लोरोफॉर्म यांच्यात वाटली जाऊ द्यायची. कुणाचा ओढा पाण्याकडे, कुणाचा क्लोरोफॉर्मकडे. एका वाटणीत फरक किरकोळ, पण वाटणी पुन्हा पुन्हा झाली की तो वाढत जातो. त्यासाठी दोन्ही द्रव उलट दिशांनी वाहणारं यंत्र त्यांनी उभारलं. ते चालायचं, पण छळायचं. पाळ्या लावून त्याच्याजवळ बसायचं, खोलीत क्लोरोफॉर्मची वाफ, आणि दोघांचीही डोकी तापलेली! खरी गोची वेगळीच होती. वाटणी लवकर व्हावी म्हणून थेंब बारीक करावेत, तर द्रव पुन्हा लवकर वेगळे होत नसत.

1940 मध्ये मार्टिनला सुचलं, दोन्ही द्रव वाहायलाच कशाला हवेत? एक थांबवू या.

सिलिका जेल भरपूर पाणी शोषूनही कोरड्या भुकटीसारखं राहतं. पाणी शोषलेलं हे जेल त्यांनी काचेच्या नळीत भरलं आणि वरून क्लोरोफॉर्म सोडला. आम्लं रंगहीन, मग दिसणार कशी? पाण्यात आम्लाने लाल होणारं मिथिल ऑरेंज मिसळलेलं होतं. नळीत लाल पट्टे उमटले आणि वेगवेगळ्या गतीने खाली सरकू लागले. जे यंत्राला जिकिरीचं होतं, ते साध्या नळीने केलं.

1941 च्या शोधनिबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: कण अतिशय बारीक घ्या, दाब खूप वाढवा, वाटणी आणखी नेटकी होईल. तो दाब पेलणारे पंप आणि तसे एकसारखे बारीक कण हाती यायला 1960 चं दशक सरत आलं. त्यातून एचपीएलसी ही उच्च दाबावर द्रव वाहवून पदार्थ वेगळे करणारी जी पद्धत उभी राहिली, तिच्याशिवाय आज मुंबईपासून गोव्यापर्यंत कुठल्याही औषध कारखान्याची तपासणी प्रयोगशाळा चालत नाही. गोळीतली 0.05 टक्के अशुद्धीही ती पकडते.

1952 चं नोबेल दोघांना मिळालं ते वाटणीच्या पद्धतीसाठी. माझ्या मते दाबाबद्दलचं ते भाकीतही त्याच तोलाचं होतं.