चौकशी आयोग : काय मिळते, काय मिळत नाही

सोलापुरातील मिलिंदनगरात तरुणांशी बोलत असताना एकाने विचारले, "सर, न्यायालयीन चौकशी झाली म्हणजे न्याय मिळालाच ना?" आपल्या चळवळीतही हा समज घट्ट बसलेला आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. संतप्त लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, असे पोलिसांनी सांगितले. म्हणजे जे मेले, त्यांनाच सरकारी कागदावर गुन्हेगार ठरविण्यात आले. मृतांच्या नातेवाइकांना चौकशी हवी असते ती प्रथम यासाठी, की हा कलंक पुसला जावा.

शासनाने न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला. गोळीबार समर्थनीय नव्हता आणि त्याला उपनिरीक्षक मनोहर कदम जबाबदार होते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. वस्तीचे म्हणणे सरकारदप्तरी खरे ठरले, ही लहान गोष्ट नव्हे. पण सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप दिली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आणि लगेच उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला.

असे का होते? १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, प्रतिज्ञापत्रे घेऊ शकतो. मात्र तो शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतो. आयोगापुढे दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध न्यायालयात वापरता येत नाही. पुरावा पुन्हा गोळा करावा लागतो. विधिमंडळाच्या ठरावाने नेमलेला आयोग वगळता शासन आयोग गुंडाळूही शकते. मुंबई दंगलीचा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये असाच बंद करण्यात आला आणि त्याच वर्षी पुन्हा सुरू करावा लागला.

म्हणून आयोगाची मागणी सोडावी काय? मुळीच नाही. पण गुन्हा नोंदविण्याची मागणी तिच्याबरोबरच चालली पाहिजे. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी कोठडीत मरण पावला. शासनाने न्यायालयीन चौकशी जाहीर केली. त्याची आई तेवढ्यावर थांबली नाही. तिने उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ गाठले आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदविण्याचा आदेश मिळविला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

यातून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. आयोगाची कार्यकक्षा कोणती, हे पहिल्याच दिवशी वाचावे. शवविच्छेदन अहवालाची प्रत मिळवावी. अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. त्याचा हिशेब मागावा.

माझ्या घरात सही करणारा मी पहिला. वडील अंगठा देत. कागदात काय लिहिले आहे, ते त्यांना दुसराच कोणीतरी सांगे. मृताच्या आईने प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी तो कागद तिला तिच्या बोलीत वाचून दाखविणारा आपला माणूस तिच्याजवळ असला पाहिजे. आपण शिकलो ते कशासाठी, या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे.