दात न पाहता घेतलेल्या गाड्या

१ एप्रिल २०२३ पासून केंद्र आणि राज्य शासने, नगरपालिका, पंचायती व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या ज्या वाहनांना नोंदणीपासून १५ वर्षे झाली, त्यांची नोंदणी आपोआप संपुष्टात येऊ लागली, आणि संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेची काही विशेष वाहने सोडली तर बाकीच्यांच्या वाट्याला भंगार एवढाच मार्ग उरला. खाजगी मालकाला १५ वर्षांनंतर गाडी तपासणीस नेऊन, ती योग्य ठरल्यास, नोंदणीचे नूतनीकरण करून घेता येते. सरकारी गाडीला ही मुभा नाही. तिचे वय पाहिले जाते, स्थिती पाहिली जात नाही. पूर्वी वाहन किती धावले, दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि पुढे किती होईल हे पाहून ते ‘निर्लेखित’ करीत, म्हणजे निकामी ठरवून दप्तरातून कमी करीत. त्या विचाराची जागा आता दिनदर्शिकेने घेतली आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारी वाहनखरेदीचा आरंभ तपासणीविना पैसे मोजण्यापासून झाला होता, हे ज्यांना आठवते त्यांना तपासणीविना गाडी मोडीत काढण्याचा हा नियम अधिक बोचतो.

हा विषय केवळ दिल्लीचा नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात मांडवगण फराटा आहे, आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. अशा गावांत शासन पोहोचते ते बहुतांशी गाडीने: पुरानंतरच्या पंचनाम्याला, लसीकरणाला, बंधाऱ्याच्या मोजणीला. ती गाडी कोणाच्या पैशाने आली आणि घेताना कोणी नीट पाहिली का, हा प्रश्न म्हणूनच गावाचाही आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा काळ या दृष्टीने फारसा बोलका नाही. हिंदुस्थान सरकारला लागणारा विलायती माल लंडनमधील ‘इंडिया स्टोअर डिपार्टमेंट’, म्हणजे हाय कमिशनरच्या हाताखालचे खरेदी खाते, मागवीत असे. इकडच्या रस्त्यांवर मात्र मुख्यतः अमेरिकी गाड्या दिसत, कारण जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. खरी कहाणी सुरू होते ती १९४७ मध्ये, आणि पुढचे दशक तिचा गाभा आहे.

युद्धकाळात हिंदुस्थानने ब्रिटनला धान्य, कापड, पोलाद आणि मनुष्यबळ पुरविले, त्याचा मोबदला रोख न मिळता लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने खात्यावर जमा होत गेला आणि त्या जमेच्या आधारावर इकडे रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या. महागाई भडकली ती त्यामुळेच. या साठ्याला ‘स्टर्लिंग शिल्लक’ म्हणतात. ऑगस्ट १९४७ मध्ये ती सुमारे ११६ कोटी पौंड होती. ती हवी तशी काढता येत नव्हती, कारण ब्रिटन स्वतः कंगाल झाले होते आणि वाटाघाटींतून तिचे लहान लहान हप्तेच मोकळे होत होते. या वाटाघाटींत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने चिंतामणराव देशमुखांचा मोठा भाग होता. १९५० ते १९५६ या काळात तेच भारताचे अर्थमंत्री होते. १९४८ च्या करारात ब्रिटिश सैन्याने भारतात मागे टाकलेल्या लष्करी मालापोटी १० कोटी पौंड या शिलकेतून वळते करण्यात आले, म्हणजे युद्धाचा उरलेला माल येणेकऱ्याच्याच खात्यावर मांडला गेला.

डॉलर दुर्मिळ आणि पौंड तुलनेने हाताशी, अशा अवस्थेत कचेऱ्यांसाठी गाडी घ्यायची तर ती ब्रिटिश असणे ओघाने आले. ब्रिटनलाही गिऱ्हाईक हवे होते. तेथील सरकार निर्यात करणाऱ्या कारखान्यांनाच पोलाद प्राधान्याने देई, स्वदेशी ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि १९५० मध्ये तेथे तयार झालेल्या मोटारींपैकी सुमारे तीन चतुर्थांश परदेशी गेल्या. मॉरिस, ऑस्टिन, हिलमन, स्टँडर्ड व्हॅनगार्ड आणि १९४८ मध्ये निघालेली, पोलादाच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची केलेली लँड रोव्हर, ही नावे भारतात रुळली ती या काळात. मुंबईतील ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने हिलमनच्या कुळातल्या गाड्या जोडल्या, मद्रासमध्ये ऑस्टिन व व्हॅनगार्ड जोडल्या जाऊ लागल्या, तर बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसशी संबंध बांधला. लँड रोव्हर वगळता यांतील बहुतेक गाड्या ब्रिटनच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बेतलेल्या होत्या. काळ्या मातीच्या गाडीवाटांवर त्यांचे कमान-पाटे आणि सांधे लवकर थकत.

याच पार्श्वभूमीवर १९४८ चे जीप प्रकरण घडले. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लष्कराला जीप तातडीने हव्या होत्या, आणि स्वतंत्र भारताचे लंडनमधील पहिले हाय कमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रस्थापित कार्यपद्धती बाजूला ठेवून, युद्धात वापरलेल्या आणि दुरुस्त करून द्यावयाच्या जीपगाड्यांसाठी नगण्य भांडवलाच्या एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार केला. रकमेचा मोठा भाग माल तपासल्याच्या दाखल्याशिवाय आगाऊ देण्यात आला. १५५ जीप मद्रास बंदरात उतरल्या आणि त्या वापरण्यास अयोग्य ठरल्या. मांडवगणचा शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा जबडा उघडून दात पाहिल्याखेरीज, चार पावले चालवून खूर पाहिल्याखेरीज विसार देत नाही. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत असे मानले जाते. स्टर्लिंग शिल्लक ही धर्माची गाय नव्हती, ती या देशाने उपाशी पोटी साठविलेली कमाई होती, आणि म्हणूनच तिच्यातल्या प्रत्येक पौंडाचे दात पाहणे हे कर्तव्य होते.

मेनन यांनी स्वतःसाठी पैसा घेतल्याचे सिद्ध झालेले नाही आणि निकडीचे कारणही खोटे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु घाई होती म्हणून पाहणी टाळली हे समर्थन टिकत नाही, कारण नादुरुस्त गाडी घाईच्या कामाला सर्वांत कमी उपयोगी पडते. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने न्यायालयीन चौकशीची शिफारस केली होती. ती डावलून ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, आणि विरोधकांचे समाधान होत नसेल तर त्यांनी हा निवडणुकीचा मुद्दा करावा, असे सुचविले. फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले, १९५७ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेवर पाठविले आणि त्याच वर्षी ते संरक्षणमंत्री झाले. खरेदीच्या दाखल्याचा प्रश्न मतपेटीकडे सोपविणे हीच यातली मूळ चूक होती, कारण मतदार माणूस निवडतो, गाडीचे इंजिन तपासत नाही. मेनन यांच्यानंतर १९५२ मध्ये लंडनमध्ये हाय कमिशनर म्हणून गेले ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर. खेर आणि देशमुख ही दोन मराठी माणसे त्या काळी लंडनच्या पेढीवर आणि दिल्लीच्या तिजोरीवर होती. तरीही झालेल्या नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली नाही, याची खंत मराठी वाचकाला अधिक वाटावी.

त्याच दशकात उजेडाची बाजूही होती, आणि आज हरवली आहे ती हीच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना ५५ प्रकल्पांनी सुरू झाली, विकासगटाला जीप देण्याची पद्धत पडली, आणि ही जीप माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जोडलेली असू शकत होती. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की ज्या कंपन्या सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनवतील त्यांनाच वाव द्यावा. परिणामी नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून १९५७-५८ मध्ये अँबॅसडर उभी राहिली. मूळ विलायती गाडी येथल्या लोहाराच्या, फिटरच्या हाताला सरावली. तिचे बॉनेट उघडले की प्रत्येक भाग दिसे, तालुक्याच्या गावी तो मिळे, आणि चालक लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या दैनंदिन नोंदवहीत, तिचे दुखणे लिहून ठेवी.

पुढच्या अर्धशतकावर फार थांबण्याचे कारण नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या, जीप गटविकास अधिकाऱ्यांच्या दाराशी उभी राहिली आणि त्याच त्या गाड्या दशकानुदशके धावल्या. २४ मे २०१४ रोजी अँबॅसडरचे उत्पादन थांबले; ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद झाले आणि संगणकीय बाजारपेठेतून खरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यालयावर माल पारखण्याचा भार आला.

जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात यात शंका नाही, आणि ज्या खरोखर थकल्या आहेत त्यांना वयाआधीही निरोप द्यावा. आग्रह एवढाच आहे की निरोप देण्याआधी कोणीतरी गाडीखाली वाकून पाहावे आणि त्या पाहणीखाली आपले नाव लिहावे. तो दाखला १९४८ मध्ये लंडनला लिहिला गेला असता तर १५५ जीप मद्रासच्या धक्क्यावर पडून राहिल्या नसत्या. आज तो तालुक्याच्या कचेरीत लिहिला गेला, तर भीमेला पूर येईल त्या आठवड्यात मांडवगणला पंचनाम्यासाठी यायला एखादी चालती गाडी शिल्लक असेल.