श्रेयांकांचेही समाशोधन व्हावे

आमच्या उरला शाखेत गेल्या वर्षी एक तरुण ग्राहक शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी आला. रायपूरलगतच्या या औद्योगिक क्षेत्रातील एका रोलिंग मिलमध्ये तो पाळीने काम करतो. पदविकेचे एक वर्ष उत्तीर्ण झाल्यानंतर घरच्या अडचणीमुळे त्याचे शिक्षण सुटले होते. आता दुसऱ्या संस्थेत प्रवेश घ्यावयाचा, तर त्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करण्यास सांगण्यात आले. साहजिकच कर्जाच्या रकमेत एका वर्षाचे शुल्क वाढले. त्याचा प्रश्न साधा होता : दुसऱ्या बँकेचा धनादेश आपल्याकडे चालतो, मग माझे शिकलेले वर्ष दुसरीकडे का चालू नये?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यवसायातच आहे. धनादेश वटतो तो दोन शाखाधिकाऱ्यांच्या ओळखीमुळे नव्हे. त्यामागे ठरावीक नमुना, पडताळणीची रीत आणि सर्व बँकांनी मान्य केलेली समाशोधन व्यवस्था असते. शिक्षणातही एका संस्थेतील अभ्यास दुसरीने स्वीकारावा, यासाठी अशीच पूर्वमान्य व्यवस्था लागते.

अन्यत्र आणि आपल्याकडे

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. अशाच संस्थांना पुढे कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले. घराजवळ, कमी शुल्कात दोन वर्षे शिकावे आणि उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करावीत, ही त्यांतील एक प्रमुख वाट. कोणता विषय विद्यापीठातील कोणत्या विषयाच्या तोडीचा मानावयाचा, हे दोन्ही संस्था करारात आधीच लिहून ठेवतात.

भारतात पुदुच्चेरी येथे 1995 साली व चेन्नई येथे 1996 साली समुदाय महाविद्यालयाचे प्रयोग झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास त्यासाठी योजना आखली. मात्र खरी हिशेबवही उघडली ती जुलै 2021 मध्ये, 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या रूपाने. येथे विद्यार्थ्याच्या नावे खाते असते व उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक त्यात जमा होतात. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार अध्ययनाचे 30 तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे 1,200 तास धरले, तर 40 श्रेयांक होतात. कौशल्य प्रशिक्षणाचाही या आराखड्यात समावेश आहे.

जमा आहे, पण वटेल का?

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. खात्यात श्रेयांक आहेत म्हणजे प्रवेश मिळालाच, असे नव्हे. ते स्वीकारावयाचे की नाही, हे पुढील विद्यापीठ ठरविते. 2021 च्या विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान 50 टक्के श्रेयांक मिळवावे लागतात, तसेच श्रेयांकांची वैधता कमाल सात वर्षे ठेवलेली आहे.

तांत्रिक शिक्षणात वाट अधिक रुळलेली आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्यास पदविकेच्या, तर पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे. छत्तीसगडमध्ये पदविका व अभियांत्रिकी पदवी ही दोन्ही शिक्षणे भिलाईच्या स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. ही जणू एकाच बँकेच्या दोन शाखांमधील देवघेव. अडचण येते ती संस्था, विद्यापीठ वा ज्ञानशाखा बदलताना. तेथे दोन्हीकडच्या अध्यापकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम ताडून पाहणे, समकक्षतेचा तक्ता प्रसिद्ध करणे आणि विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात त्याची माहिती देणे अगत्याचे ठरते. समारंभात स्वाक्षऱ्या झालेला पण तक्ता नसलेला सामंजस्य करार हा रक्कम न लिहिलेल्या धनादेशासारखा होय!

ग्राहकांनी काय पाहावे?

• संस्था श्रेयांक पेढीवर नोंदणीकृत आहे काय, आणि श्रेयांक प्रत्यक्ष जमा होतात काय?
• पुढे कोणते विद्यापीठ, कोणत्या अभ्यासक्रमासाठी व किती श्रेयांक स्वीकारते, याचे लेखी उत्तर मिळते काय?
• थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात. त्यांची प्रवेशप्रक्रिया व तारखा ठाऊक आहेत काय?
• गुणपत्रकांबरोबरच त्या वर्षीचा अभ्यासक्रमही जपून ठेवला आहे काय? समकक्षता ठरविताना तो मागितला जाऊ शकतो.

कर्ज विभागातील सहकाऱ्यांनीही अर्ज हाती घेताना अर्जदाराचे आधीचे शिक्षण आवर्जून विचारावे. एक वर्ष वाचले तर शुल्क वाचते, त्यावरील व्याज वाचते आणि परतफेडीसाठी लागणारी कमाईही वर्षभर आधी सुरू होते.

त्या तरुणाने आमच्या सांगण्यावरून जुनी गुणपत्रके व अभ्यासक्रम घेऊन समकक्षतेसाठी लेखी अर्ज केला. हे लिहीत असताना निर्णय यावयाचा आहे. कर्जाचा अर्ज त्याने तोवर थांबवून ठेवला आहे, आणि मला ते योग्यच वाटते. थेंबे थेंबे तळे साचते खरे, परंतु साचलेले पाणी पुढच्या शेतापर्यंत पोहोचावयाचे, तर पाट आधी खणून ठेवावा लागतो.