रस्त्यात कोणतं दुकान लागते?

दारू सोडण्यासाठी मीटिंग शोधणाऱ्यांचे फोन घेणारा नागपुरातला एक माणूस पत्ता सांगायच्या आधी विचारतो, "घरून निघाल्यावर रस्त्यात कोणतं दुकान लागते?" दुकान म्हणजे कशाचं, हे पलीकडच्याला सांगावं लागत नाही. एका डॉक्टर मित्राकडून हा प्रश्न ऐकला आणि मी त्या माणसाला गाठलं.

नाव, ग्रुप, जागा काहीच छापायचं नाही, ही त्यांची अट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘एए’च्या, बारा परंपरांपैकी अकरावी निदान नावाबद्दल हेच सांगते. तेव्हा इथं ते नुसते भाऊ. कारखान्यातून निवृत्त, 19 वर्षं दारूचा थेंब नाही, आणि हातात शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही.

वहीत मीटिंगांचे वार, वेळा, भाषा आणि त्यांच्या स्वतःच्या खुणा. जिना उंच आहे. इथं तरणी पोरं जास्त. इथं एक वकील फार बोलतो. पण वही उघडण्याआधी आणखी एक चौकशी होते: शेवटची कधी घेतली, हात कापून रायले काय? रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, कधी जिवावर बेततं. अशाला भाऊ पत्ता देत नाहीत, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवतात. "आधी मेडिकलले जा. आमी कोठं पळून जाऊन रायलो?"

मग जुळवाजुळव. हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्याला त्यांनी घराजवळची सोडून लांबची मीटिंग दिली. लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचं, थेट सीताबर्डीला उतरायचं. दुकानं खाली दिसतात, पण मध्येच उडी मारता येत नाही! महालातल्या एकाला सदरकडची हवी होती, कारण गल्लीतलं कुणी तिकडे फिरकत नाही. उलट एका म्हाताऱ्याला ओळखीचेच चेहरे हवे होते. परक्यांसमोर आपल्याला खोटं बोलणं सोपं जातं, असं त्याचं म्हणणं. वर्ध्याचा एक गडी तिथं दारूबंदी म्हणून प्यायला नागपूरला यायचा. आता त्याच गाडीनं मीटिंगला येतो.

आणि प्रत्येकाला शेवटी एक आकडा: सहा. सहा मीटिंगा बसायच्या, मग नावं ठेवायची. सहाच का? "पहिल्या दोनमध्ये त्याले काई ऐकूच येत नाही. तिसरीत वकिलाचा राग येतो. पाचवीत कुनीतरी त्याचीच गोष्ट सांगते." हे कुठल्या पुस्तकातलं नाही, भाऊंचं गणित आहे.

बाहेरच्यांना चालणाऱ्या एका ‘ओपन’ मीटिंगला मी मागच्या खुर्चीवर बसलो. बारा पायऱ्यांचं वाचन, मग एकेकानं उठून बोलणं, मध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. फी नाही, हजेरीपट नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. जिन्याखाली मात्र तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा उग्र वास. दारू सोडलेले आठ-दहा जण पन्नी हातावर घासत उभे होते. भाऊंच्याही गालात होता. ‘एक सोडली, दुसरी राहू द्या की,’ असा त्यांचा चेहरा. तोंडाच्या कॅन्सरचा विषय मी काढला नाही, पण तो वास अजून नाकात आहे.

पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो. मला ते अडचणीचं वाटतं आणि भाऊंना तसं सांगितलंही. "तुम्हाले जो पटते तो धरा," एवढंच उत्तर. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांच्या भेटीतून एए सुरू झालं, त्याचा हा वारसा. तरी त्याला निव्वळ श्रद्धा म्हणून झटकता येत नाही: 27 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020च्या कॉक्रेन आढाव्यात, मीटिंगकडे वळवणाऱ्या ठरीव उपचारपद्धती दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत इतर मान्य पद्धतींपेक्षा सरस दिसल्या. आणि 2019चा सरकारी अहवाल सांगतो की देशात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही तरी उपचार मिळतो. उरलेल्या 37 जणांपुढे अशी वही धरणारं कुणी असलं तर बरंच.

माझं म्हणणं एवढंच की योग्य मीटिंग म्हणजे उत्तम वक्त्यांची मीटिंग नव्हे. ज्या वेळी ग्लास हातात असायचा त्या वेळी भरणारी, आणि जिथं जाताना पाय वळत नाहीत ती. गावोगावी व्यसनमुक्ती केंद्रं उघडा म्हणणाऱ्या समित्यांना ही साधी गोष्ट कितपत सुचते, कोण जाणे.

वहीत एक जागा मात्र अपुरी आहे. बायका फोन करतात त्या बहुधा नवऱ्यासाठी. "त्याले स्वतः फोन कराले सांगा," म्हणत भाऊ त्यांना कुटुंबीयांच्या अल-अ‍ॅनॉनचा वार सांगतात. पण बाईनं स्वतःसाठी केला तर? भाऊंनी पानं उलटली. ऑनलाइन मीटिंगची एक ओळ होती, तीही पेन्सिलीनं.

"पुरुषांच्या त्या खोलीत एकटीनं सहा वेळा येऊन बसायचं?" मी विचारलं.

"मी फोन बायकोच्या हातात देतो," ते म्हणाले. "ती अल-अ‍ॅनॉनची हाय. तिनं कधी घेतली नाही, म्हनून हे काई बरोबर नाही, हे मले समजते."

त्यांचा फोन वाजला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता. भाऊंनी वही पुढे ओढली आणि विचारलं, "शेवटची कवा घेतली?"