श्री, राजा, शिव

शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई तळहातावर ठेवली की आधी तिचा भार जाणवतो. रुंदीला आजच्या रुपयाच्या जवळपास, पण चांगली जाड. न झिजलेली जुनी शिवराई ११-१२ ग्रॅम सहज भरते. मग अक्षरे दिसू लागतात. वर ‘श्री’, मधे ‘राजा’, खाली ‘शिव’. पालथी केली की ‘छत्र’ आणि ‘पति’. भोवती मोहरीच्या दाण्यांसारख्या ठिपक्यांचे कडे. माझ्याजवळच्या एका नाण्यावर ‘श्री’चा माथा कापला गेला आहे आणि ठिपके डाव्या बाजूला तेवढे उरले आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात विकणाऱ्याने ‘छाप सरकलाय’ म्हणून ते स्वस्तात दिले. मला ते आवडते ते त्या सरकण्यामुळेच.

छाप का सरकतो, हे टांकसाळीतले काम डोळ्यांसमोर आणले की कळते. ठरावीक वजनाची तांब्याची चकती. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा ठसा हातात धरलेला, आणि त्यावर घणाचा घाव. हात जरासा हलला की छाप कडेला गेला. घाव दोनदा बसला की अक्षराला सावली आली. ठसा बहुधा चकतीहून मोठा, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर मावणे हा भाग्याचाच भाग. यंत्राच्या नाण्याला भोवतालचे कडे आवरून धरते. इथे तांबे फाकेल तसे फाकायचे. म्हणून कड चिरलेली असते, कुठे चपटी होते. नोटा आपण छापतो, पण नाणी अजूनही ‘पाडतो’. तो घाव भाषेत राहून गेला आहे.

ठसा कोरणाऱ्याला अक्षरे उलटी कोरावी लागत. कधी त्याला विसर पडे आणि नाण्यावर अक्षर आरशातल्यासारखे उमटे. ‘शिव’चा कुठे ‘शीव’ होतो, कुठे ‘सिव’. ‘पति’ची वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ बदलत राहते. या नाण्यांवर सहसा साल नाही, टांकसाळीचे नाव नाही. तेव्हा अक्षरांच्या वळणांवरूनच जाणकार काळाचा अंदाज बांधतात. शंभर शिवराया मांडल्या तर शंभर ‘श्री’ वेगळे दिसतात. एखादा ताठ, एखादा पुढे झुकलेला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई या दोन्हींवर नव्या राजाचे नाव नागरीत आले. आजूबाजूच्या बहुतेक सत्तांची नाणी फारसीत असताना ही निवड किती विचारपूर्वक होती, हे वेगळे सांगायला नको. त्याच वेळी गडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनने इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे अशी मागणी केली. महाराजांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते: कुठलेही नाणे चालायला आमची मनाई नाही, पण रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. नाण्याची पारख रयतेवर सोडणारा हा राजा होता.

पुढे पेशवाईत चांदीचा रुपया मोगल बादशहाच्या नावानेच पडत राहिला. बाजारातला खुर्दा मात्र शिवरायांच्या नावाचा. महाराज जाऊन दीडशे वर्षे उलटल्यावरही, अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई लोकांच्या कनवटीला होती. भाजीवालीच्या हातात रोज ‘छत्रपति’ येत होते. १८३५नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या यंत्राची एकसारखी नाणी पसरली आणि हळूहळू ही तांब्याची रास मोडीत गेली.

कळकळीने एक सांगतो: शिवराई सापडली तर चिंच लावून घासू नका. दीडदोनशे वर्षांत चढलेला तो तपकिरी-काळा थर पाच मिनिटांत जातो आणि मागे नुसते लाल, पोरके तांबे उरते. सकाळचे तिरपे ऊन घ्या, नाणे हळूहळू फिरवा. सपाट वाटलेल्या जागी काना उभा राहतो.

माझ्याकडे एकाच ठशाच्या दोन शिवराया आहेत. पहिलीवर ‘राजा’च्या बाजूने केसाएवढी उंचावलेली रेघ जाते, ठशाला तडा गेल्याची खूण. दुसरीवर तीच रेघ जाड होऊन ‘जा’च्या कान्यात शिरली आहे. तडा वाढत होता, आणि कारागीर त्याच ठशावर घण घालत होता.