ग्राइंडरचा स्पेसर: पोलाद कोणतं, यापेक्षा लांबी किती

जुन्या सरफेस ग्राइंडरचं स्पिंडल उघडल्यावर बेअरिंगच्या जोडीमधले आतला आणि बाहेरचा असे दोन्ही स्पेसर गंजलेले, कडा उडालेले निघाले, की पहिला आग्रह असतो तो ईएन ३१ पोलाद आणून हार्डनिंग करण्याचा. मऊ स्पेसर नट आवळल्यावर दबेल, असं म्हणतात. हिशोब तसं सांगत नाही. ३० मिमी बोअर, ३८ मिमी बाहेरचा व्यास आणि ५० मिमी लांबीच्या आतल्या स्पेसरवर नटानं एक टन दाब दिला, तरी दर चौरस मिलिमीटरला अडीच किलोहून कमीच भार येतो. साधं माइल्ड स्टील याच्या दहापट सोसतं. स्पेसर साडेपाच मायक्रॉन आखडतो खरा, पण हार्डनिंग केलेलाही तेवढाच आखडतो. हार्डनिंगनं ताकद वाढते, ताठरपणा नाही. कडक तोंडावर चरे कमी पडतात, हा फायदा मान्य. पण नीट टेम्पर न केलेलं कडक पोलाद पुढे आपोआप माप बदलू शकतं. ईएन ८ बहुतेक ठिकाणी पुरतं.

मग गंजत नाही म्हणून ॲल्युमिनियम का नको? तेवढ्याच दाबाखाली ते सोळा-सतरा मायक्रॉन आखडतं. तापमान २० अंशांनी वाढलं, तर ५० मिमी पोलाद साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम तेवीस, पितळ एकोणीसच्या आसपास. प्रीलोडचा, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेल्या दाबाचा, सगळा खेळ मोजक्या मायक्रॉनचा, म्हणून आतला-बाहेरचा दोन्ही स्पेसर पोलादाचेच हवेत.

खरी चूक होते ती जुन्या मापाची नक्कल करताना. कंपनीनं दोन स्पेसरांत मुद्दाम फरक ठेवला असेल, तर तो त्या वेळच्या बेअरिंगसाठी होता. आज मिळणाऱ्या युनिव्हर्सल जोडीत प्रीलोड बेअरिंगमध्येच ग्राइंड केलेला असतो. तिला समान लांबीचे स्पेसर लागतात. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत बाहेरचा स्पेसर पाच मायक्रॉननंही लांब राहिला, तर प्रीलोड वाढतो आणि बेअरिंग तापतं. यावर उपाय सोपा: आतला स्पेसर बाहेरच्याच्या पोटात ठेवून दोन्ही एकत्र मॅग्नेटिक चकवर घ्यावेत (अर्थात शेजारच्या शॉपच्या, आपला ग्राइंडर तर उघडून पडलेला) आणि दोन्हींचं एक तोंड एकाच सेटिंगमध्ये काढावं, मग दोन्ही एकत्र उलटवून दुसरं तोंडही तसंच काढावं. बसवण्याआधी ते डिमॅग्नेटाइज करायला मात्र विसरू नका, नाहीतर लोखंडाची भुकटी थेट नव्या बेअरिंगकडे ओढली जाईल.